ड्राइव्हवेवरचं धरणं

मा. रावसाहेब यांस,

मृणालिनीचा वॉटर्लूहून नमस्कार. तुमचे गुडघे, साखर आणि घोषणा देण्याचा घसा ठीक असावा. मी ठणठणीत आहे. बाहेर बर्फ आणि घरात हीटर एकोणीस अंशांच्या वर जात नाही (सुनेची पॉलिसी), तरीही.

चंद्रपूरच्या कोळसा खाणीत आपण उभी नोकरी टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडलो, तुम्ही युनियनकडून, मी पर्सोनेल खात्याकडून. त्याचा उपयोग कॅनडात होईल असं वाटलं नव्हतं. माझी सून गौरांगी एका निकेल कंपनीत एचआर मॅनेजर आहे. खाण इंडोनेशियात, साहेबलोक टोरांटोत. या साहेबांनी कामगारांसाठी 'टीम-बिल्डिंग'चे खेळ ठेवले, तेही शुक्रवारी, ऐन दुपारच्या नमाजाच्या वेळी. कामगारांनी काम बंद केलं. त्यावर कंपनीने माफी मागितली नाही. 'तुम्हाला कसं वाटतंय?' असा ऑनलाइन सर्व्हे पाठवला! (तुमच्या काळात कुणी पाठवला असता तर माझी खुर्ची शाबूत राहिली नसती.) आता सोमवारी गौरांगी बोलणी करायला निघाली आहे. खाण सुरू झाली नाही, तर तिची नोकरी जाणार.

म्हणून मी म्हटलं, आधी माझ्याशी बोलणी कर, मी रावसाहेब बनते. बेसमेंटमध्ये बैठक भरली. बाईसाहेब स्लाइड दाखवू लागल्या. मी तुमच्यासारखी खुर्ची मागे लोटली, निषेध नोंदवला आणि माझ्या मुलाने, शौनकने, नुकताच बर्फ उपसून साफ केलेल्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून धरण्याला बसले. शौनक दारातून ओरडत राहिला, "आई, आत ये, लोक बघतायत!" (धरणं लोकांनी बघावं म्हणूनच असतं, हे इंजिनियर मुलाला कोण सांगणार?) नात ईशानी म्हणाली, "आजी, डिनर इज रेडी, स्टॉप बीइंग सो ड्रामॅटिक." समोरच्या बाईंना वाटलं, सुनेने म्हातारीला घराबाहेर काढलं. त्यांनी पोलीस बोलावले. पोलिसाने मी सुरक्षित आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, मी आहे, मॅनेजमेंट नाही.

तेव्हा गौरांगी लॅपटॉप आत ठेवून दोन कप चहा घेऊन आली आणि पायपुसणं टाकून माझ्या शेजारी गारठ्यात खाली बसली. "आमचं चुकलं," म्हणाली, "आता तुमचं म्हणणं सांगा." आणि ऐकत राहिली. पोलीसही ऐकत राहिला. तुम्ही माझ्या चहावर किती वेळा धरण्यावरून उठलात, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, शपथ.

आपली,
मृणालिनी

ता. क. मी शेवटी तुमची नक्कल. शनिवारी तुमच्या रात्री, आमच्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर या आणि तिच्याशी मनापासून भांडा. माझी सून म्हणून सोडू नका.

पुन्हा ता. क. ड्राइव्हवेवर मी मागणी केली ती हीटर वाढवण्याची. घर आता बावीस अंशांवर आहे. तुम्हीही काहीतरी मागून घ्याच. सोमवारच्या आत तिला द्यायची सवय झालेली बरी.