वेन, गॅस आणि पत्र

लोयांग, २ जानेवारी २००६

चि. वेनला गंगमामाचे अनेक आशीर्वाद.

सायकलींची पंक्चरं काढता काढता लिहितोय. कागदावर डाग दिसले तर ते तेलाचे समज, आसवांचे नव्हेत. फोनवर तुझा आवाज येतो खरा, पण तो पुन्हा वाचता येत नाही.

गेल्या सणाला, चांद्रवर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, अख्ख्या शहराने एकदम सारण भरलेले च्याओझ उकळायला ठेवले आणि शेगडीची ज्योत हरभऱ्याएवढी झाली. शेजारचा लुओ अजून सांगत फिरतो, गान्सूहून भाची नळातून धाडते त्या गॅसला सर्दी झाली होती म्हणे! मरू दे त्याला. दोन सण तुझी खुर्ची रिकामी आहे. तुझी मामी तुझी वाटी मांडते आणि गुपचूप उचलते. यंदा सण याच महिन्याच्या अखेरीस आहे, येशील ना गं?

तुझा,
गंगमामा


गान्सू, ९ जानेवारी

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

लुओकाकांना सांगा, सर्दी गॅसला नाही, मला झालीय. वाळवंटातला वारा नाक सोडत नाही.

गॅस नळातून पुढे ढकलणाऱ्या आमच्या केंद्राच्या प्रमुख दूबाई म्हणाल्या, सणाच्या संध्याकाळी पुन्हा दाब पडला तर निस्तरायला तू इथे हवीस. मी म्हटलं, बाई, इथून ढकललेला गॅस मामांच्या शेगडीत पोचायला तीन-चार दिवस लागतात. त्या संध्याकाळी जोर लावून काय उपयोग? सणाआधी कारखाने बंद होतात, गॅस कमी लागतो, म्हणून दरवर्षी आपण यंत्रं मंद करतो. यंदा नको करूया. नळ म्हणजे नुसता रस्ता नाही, कोठीही आहे. त्याला झेपेल इतका गॅस आधीच दाटून भरून ठेवू.

दूबाईंनी माझा हिशेब मागून तपासला. मग म्हणाल्या, आधी नळ भरून दाखव, मग बॅग भर.

मामीला वाटी मांडायला सांगू नका इतक्यात.

आपली,
वेन


गान्सू, २५ जानेवारी

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

भरला! दूबाईंनी दाबाचा काटा स्वतः पाहिला, हसल्या नाहीत, पण रजेवर सही केली. गॅस पुढे निघालाय, मी उद्या मागून रेल्वेने. बघू कोण आधी पोचतं.

घाईत,
वेन


लोयांग, ६ फेब्रुवारी

चि. वेनला अनेक आशीर्वाद.

आधी तू आलीस, मग तुझा गॅस, आणि तू गान्सूला परतल्यावर ‘भरला!’चं पत्र काल! टपालाला मात्र कुणीतरी ढकलायला हवं.

त्या संध्याकाळची आठवण काढून मामी अजून हसते. सगळी गल्ली आपल्या शेगडीभोवती, लुओ सर्वांत पुढे, आणि ज्योत कशी निळी, ताठ! तिच्याकडे बघण्याच्या नादात च्याओझकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही. सगळे उकलून त्यांचा रस्सा झाला. सणाला ‘फुटले’ म्हणणं अशुभ, ‘कमाई झाली’ म्हणायची आपली रीत, म्हणून सगळे एका सुरात ओरडले, कमाई झाली, कमाई झाली! लुओने तीन वाट्या ‘कमाई’ प्यायली आणि कबूल केलं, गॅसची तब्येत ठणठणीत आहे.

नाकाला तेल लाव. लोभ आहेच, तोही नळासारखा भरून ठेव.

तुझा,
गंगमामा

ता. क. मामीने तुझी वाटी अजून उचललेली नाही.