बाबांचा कॉम्प्युटर पडला त्याबद्दल

१२ मार्च, गुरुवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल. फोन सोडून पत्र कशाला, म्हणून हसशील. पण मी फोनवर बोलायला लागले की बाबा कान टवकारून बसतात, आणि मेसेजमध्ये दोन ओळींच्या पुढे मला काही सुचत नाही.

कॉम्प्युटर नीट तपासला का, असं तू तीनदा विचारलंस. तपासला रे बाबा. तू बजावलं होतंस म्हणून आधी चालूच केला नाही. वायर काढली, टेबलावर आडवा ठेवून बाजूचा पत्रा उघडला. एका कोपऱ्यात पोचा आलाय, तो आता तसाच राहणार. आत एवढी धूळ, की माझी मलाच लाज वाटली. हलवलं की काहीतरी खुळखुळत होतं, तो सुटलेला स्क्रू निघाला. रॅमची पट्टी काढून पुन्हा दाबून बसवली. मग चालू केला. हार्ड डिस्क नेहमीसारखी कुरकुरली, बाबांची सगळी शब्दकोडी जागच्या जागी होती. हुश्श म्हणते तोच पंखा बोंबलायला लागला. तापमान बघता बघता नव्वदीच्या पुढे गेलं आणि गडी आपला आपणच बंद पडला.

शेवटी दुकानातल्या माणसाला घरी बोलावलं. प्रोसेसरवर पंखा दाबून धरणारी क्लिप पडल्यामुळे एका बाजूने मोडली होती, त्यामुळे पंखा नुसताच वर तरंगत होता. त्याने नवा पंखा बसवला, खाली पेस्ट लावली. संध्याकाळपर्यंत चालू ठेवला, हाताला जेमतेम कोमट लागला. तेव्हा त्याची काळजी सोड.

तो माणूस जाताना म्हणाला, "एवढं जड धूड टेबलावरून पडलं कसं?"

"वायरीत पाय अडकला," मी म्हटलं.

बाबा खुर्चीत बसले होते. पंख्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "खिडकी... खिडकी फिरते ना आता?"

त्याला वाटलं थट्टा करतायत. तो हसला. मीही हसले.

वायरीत पाय अडकला नव्हता.

मी स्वयंपाकघरात होते. धाडकन आवाज आला म्हणून धावले, तर बाबा जमिनीवर आणि कॉम्प्युटर त्यांच्या पायावर. कोडं रचता रचता उठायला गेले, उजवा पाय लुळा पडला, हाताला लागलं ते धरलं. तोंड एका बाजूला गेलं होतं. शेजारच्या काकांना हाक मारली, दोघांनी मिळून त्यांना उचललं. मेंदूत रक्ताची गुठळी, डॉक्टर म्हणाले. आठवडाभर दवाखान्यात होतो. आता धरून धरून चार पावलं टाकतात. उजव्या हाताची मूठ मिटत नाही. बोलायला जातात एक आणि शब्द येतो दुसराच.

म्हणून दर रविवारी मी तुला बाबांच्या फोनचा माईक बिघडलाय सांगत आले. माझ्या फोनवर ते नुसतं 'हं, हं' करायचे, आणि तू मला विचारलंस, "बाबा माझ्यावर रुसलेत का?" त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

त्यांनीच अडवलं होतं. दवाखान्यात माझं मनगट डाव्या हाताने आवळून म्हणाले, "धाकटा... नको. नोकरी." एवढ्या खटपटीने लागलेली नोकरी तू टाकून येशील, ही धास्ती. मी शब्द दिला. तू तरी काय केलं असतंस?

तो शब्द आज मोडतेय. काल कॉम्प्युटर दुरुस्त झाल्यावर हट्टाने बसले. डाव्या हाताच्या एका बोटाने कोडं पुरं करायला गेले. चार अक्षरी शब्द, आडवा. मी सुचवायला गेले तर खेकसले. शेवटी कोडं बंद केलं आणि पडद्यावर तुझा फोटो आला, नोकरी लागली तेव्हा पाठवला होतास तो. कितीतरी वेळ बघत बसले. ओठ हलत होते, नाव काही येईना. मी मुद्दाम गप्प राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा... हा माझा."

नोकरी सोडू नकोस. रजा मिळेल तेवढी काढ आणि ये. कधी येतोस ते मला कळव, त्यांना मी सांगेन. चिडले तर माझ्यावर चिडतील, मला सवय आहे. आणि खरं सांगू? अंघोळीला त्यांना एकटीने उठवणं आता मला झेपत नाही. काकांना रोज हाक मारायची तरी किती?

आल्यावर तुझं नाव घ्यायला लागलेच, तर मध्येच सुचवू नकोस. थांब.

रागावलेली नाही, नुसती दमलेली,
तुझी ताई