नायलॉनचा म्हणून दिलेला ब्रश

बाबूजी,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझ्याकडचे दाढीचे रेझर आता अडतीस झाले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हीही तुमचा ठरलेला प्रश्न विचारून मोकळे व्हाल: "हनुवट्या किती आहेत रे तुला?" एकच आहे. ब्रश अकरा आहेत, साबण किती ते मी मोजत नाही, आणि यातल्या कशाचीही मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती फक्त एका ब्रशची. तो मी तुम्हाला नायलॉनचा म्हणून दिला आणि तो नायलॉनचा नव्हता. त्याच्याबद्दल लिहायला बसलोय.

तुमची दाढी मला अजून पाठ आहे. जुन्नरच्या पेठेतल्या आपल्या दुकानाची मागची खोली, खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा, पितळी वाटीत गाळलेलं कोमट पाणी. त्या एका वाटीत दाढी उरकायची, दुसरी घ्यायची नाही. मग ब्लेड काढून पुसायचं आणि काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगावर दोन बोटांनी घासून त्याला पुन्हा धार आणायची. एक ब्लेड महिना काढायचं. आणि हे कोण करतंय, तर ज्याच्या दुकानात ब्लेडची पाकिटं फळीवर छतापर्यंत रचलेली आहेत तो माणूस. रविवारी बाजाराला घाटघरचा एक म्हातारा यायचा. त्यानं मुलाच्या लग्नासाठी दाढीचं सामान मागितलं तेव्हा मी गल्ल्याशेजारी बसलो होतो. त्याला दोन साबण हवे होते. तुम्ही एक परत फळीवर ठेवलात आणि म्हणालात, "पावणं, एकच न्या. दुसरा सुकून जातोय नुसता." तो हसून म्हणाला, "शेठ, तुमी दुकानदार हाय का माजं सासरं? लग्न घरात हाय, खर्चू द्या की राव!" तुम्ही त्याला एकच दिलात. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला तुमचा भयंकर राग आला होता.

तुमचा नियमच तसा होता. वापरायच्या वस्तूंची तुम्ही आपल्या जैन साधूमहाराजांसमोर मर्यादा घेतली होती, आणि जुनी वस्तू निकामी झाल्याशिवाय नवी घरात येणार नव्हती, जनावराच्या केसाकातड्याची तर कधीच नाही. नियम घेताना जी सूट आधीच सांगून ठेवायची तिला आपल्यात आगार म्हणतात. लहानपणी आई म्हणायची, "बाबूजींनी आजारपणाचा आगार ठेवलाय," तेव्हा मला नारायणगावचं एसटीचं आगार दिसायचं आणि तुम्ही आजारी पडलात की गाडीत बसून तिकडे जाणार असं वाटायचं. ही गोष्ट मी मोठेपणी तुम्हाला सांगितली, तेव्हा तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. तुम्ही कंजूष नव्हता, हे मला कळायला मात्र फार वेळ लागला. तुम्हाला खरोखरच कमी लागत होतं.

मला जास्त लागतं. पुण्यात नोकरीला लागल्यावर जुन्या बाजारात एका गोणपाटावर मला पितळेचा एक जड रेझर मिळाला, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलेलं नाही. मग सायबर कॅफेत बसून मी जगभरच्या दाढीवेड्यांचं लिहिलेलं वाचू लागलो. ही मंडळी मोठी गमतीची. सुरुवातीला सगळे सांगतात की या जुन्या पद्धतीत पैसे वाचतात, ब्लेड किती स्वस्त पडतं बघा. सहा महिन्यांनी तोच माणूस चौथा ब्रश घेतो आणि बायकोपासून कपाटात लपवतो. मीही तेच केलं. तुम्ही पुण्याला आलात तेव्हा कपाट उघडून तुम्हाला सगळं दाखवलं. तुम्ही प्रत्येक रेझर हातात घेतलात, वजन बघितलंत, एकाचा आटा ढिला आहे हे बरोबर ओळखलंत आणि मग हनुवट्यांचा प्रश्न विचारलात. मी म्हणालो, "बाबूजी, तुम्हाला एकात मजा येते, मला अडतिसात येते." तेव्हा नऊच होते, पण मला पुढचं दिसत होतं. मी आजही हेच म्हणेन. माझ्या पैशानं, कुणाचं काही न हिसकावता, रोज सकाळची वीस मिनिटं मी सुखात घालवतो.

पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. तुमच्या ब्रशचे केस झडून तो टकला झाला होता, तरी तुमच्या लेखी तो निकामी नव्हता. मी माझ्याकडचा सगळ्यात भारी ब्रश काढला. परदेशी, बॅजर नावाच्या जनावराच्या केसांचा. दांड्याच्या तळाशी इंग्रजीत तसं छापलेलंही होतं. जुन्नरला निघायच्या आदल्या दिवशी मी ती अक्षरं ब्लेडनं खरवडून काढली आणि वरून तेलाचा हात फिरवला.

तुम्ही ब्रश उलटासुलटा करून पाहिलात. "कसले केस रे हे?"

"नायलॉन. नवीन जातीचं."

"आणि माझा नियम?"

"मुलानं दिलेल्याचा आगार ठेवा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्थानकात जाऊन महाराजांना विचारून आलात, पगडी खुंटीला लावलीत आणि आईला म्हणालात, "तो जुना ब्रश भांडी घासायला घे. ह्याच्यासाठी आगार ठेवलाय मी." इतक्या वर्षांच्या नियमात तुम्ही सवलत मागून घेतलीत ती माझ्यासाठी. पाणी मुरताच ब्रशला वास आला. तुम्ही म्हणालात, "ओल्या कुत्र्यासारखा वास येतोय." मी म्हणालो, नव्या मालाला येतोच. आणि हे म्हणालो ते आयुष्यभर नायलॉनचे ब्रश विकलेल्या तुमच्यासमोर. चार दिवसांनी वास गेला आणि तुम्ही तो रोज वापरू लागलात.

मग दरवर्षी संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागायचा दिवस यायचा. मी पुण्याहून यायचो, तुमच्या पाया पडून मिच्छामि दुक्कडं म्हणायचो, वर्षभरात जाणता अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा. तुम्हीही हात जोडायचात आणि मग दुकानदाराच्या आवाजात म्हणायचात, "हे ठोक झालं. किरकोळीत काही आहे का?" बहीण मंचरहून आलेली असायची, ती खुशाल सांगून टाकायची: सासूला उलटून बोलले, उपासाला चोरून चहा घेतला. सगळे हसायचे. माझी पाळी आली की मी म्हणायचो, "काही नाही बाबूजी, ठोकच घ्या." चार वर्षं तुम्ही विचारलंत आणि चार वर्षं मी हेच म्हणालो. तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही मला संधी देत होतात, असं मला आता स्वतःला समजावता येईल. पण ते फार सोयीचं आहे. ठाऊक असतं तर तुम्ही तो ब्रश तोंडाला लावला नसता, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

शेवटच्या महिन्यात तुमचे हात थरथरायला लागले आणि दाढी माझ्याकडे आली. सकाळचं ऊन ओट्यावर आलंय, तुम्ही खुर्चीत मान मागे टाकून बसलाय, मी फेस करतोय. तुमच्या वाटीतलं तेवढंच पाणी वापरतोय. गालावर ब्रश फिरायला लागतो आणि तुमचे डोळे मिटतात.

"लई मऊ आहे रे," तुम्ही म्हणता. घरात तुम्ही असं बोलत नसायचात, गिऱ्हाइकांशीच बोलायचात. मग डोळे न उघडता, "नायलॉन इतकं मऊ असतं?"

"असतं," मी म्हणतो.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. बहिणीलाही नाही, ती रडेल आणि मग मला माफ करेल, आणि माफ करणं तिच्या हातात नाही. तुमचं व्रत मी मोडलं, तुमच्या नकळत एका जनावराचे केस रोज तुमच्या तोंडावर फिरवायला लावले, हे किरकोळीत सांगून झालं. आजवर मी स्वतःला सांगत आलो की तुम्हाला एक चांगली वस्तू मिळावी म्हणून खोटं बोललो. तसं नव्हतं, बाबूजी. चांगली वस्तू नायलॉनमध्येही मिळाली असती, मी शोधली नाही. मला तुम्हाला हरवायचं होतं. आणि त्या सकाळी ओट्यावर तुम्ही डोळे मिटून मऊ आहे म्हणालात, तेव्हा मला अपराधी वाटलं नाही. मी खूष झालो होतो.