पाच घरचं पीठ

१ एप्रिल, मंगळवार

पाय सुजलेत. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

जोगवा झाला, पाचही घरं. एका दारी कुत्रं अंगावर आलं, एका दारी कुलूप. कुलपाचं घर धरत नाहीत, म्हणून पुढं जावं लागलं, म्हणजे पुन्हा हायवे ओलांडणं आलं! पूर्वी आरोळी दिली की बाया धावत बाहेर यायच्या. आता सगळे कूलर लावून आत. दोनदा ओरडावं लागतं. दगडाबाईंना तर तीनदा. त्यांना ऐकू येत नाही, की ऐकायचं नसतं, देवच जाणे.

शेवटचं घर लालबीचं. शेजारचंच, पण ते मी मुद्दाम शेवटी ठेवते. तिथं एकदाच म्हणावं लागतं. काल त्यांची ईद झाली. पिठासोबत शीरखुर्म्याची वाटीही पुढं केली. "भाभी, ईद का है, पीके जाओ." म्हटलं, परडी हातात असताना तोंडात काही घालत नाही, मागाहून येते. "मागनं येती म्हनून तुमी कवा आलाव?" खरं आहे. कधी जाणार! घरी हे वाट बघत असतात.

घरोघरचं पीठ एकात एक. कुणाची ज्वारी, कुणाचा गहू, लालबीची बाजरी. आज एकीनं तांदळाचं पीठ घातलं, इडलीचं उरलेलं असणार! असल्या मिसळीची भाकरी थापताना कडा फाटतात. फाटू देत. ह्यांना वाढली. डाव्या हातानं कुस्करून खातात. दमानं, पण सगळी खातात.

४ एप्रिल, शुक्रवार

सूनबाई आज फुगलेली. दीपाली इथल्याच इंग्रजी शाळेत शिकवते. म्हणाली, "आत्या, माझ्या वर्गातल्या पोरीच्या घरी गेलताव का? ती समद्या वर्गात विचारायली, मॅडम, तुमच्या सासूबाई पीठ का मागत्यात? घरी गिरणी असून!"

म्हटलं, "सांग तिला, सासूच्या पायात अजून ताकद हाय म्हनून."

हसली नाही. पोरगी वाईट नाही, ह्यांचं सगळं करते. लाज वाटते एवढंच. मलाही पहिल्यांदा वाटली होती की!

का मागते ते पोरांना काय सांगायचं? अडीच वर्षांमागं हे गिरणीतच कोसळले. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी जिन्यात बसले. फरशी पुसणाऱ्या बाईला विचारलं, तुळजापूर कुठल्या अंगाला येतं गं? तिनं फडक्यानंच दाखवलं. तिकडं तोंड करून पदर पसरला. आई, ह्यांचा जीव दे. तुझी कवड्यांची माळ घालीन, परडी घेईन, मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागीन, मरेपर्यंत!

दोन दिवसांनी ह्यांनी डोळे उघडले. तिनं दिलं, मी घेतलं. तिचे उपकार मी कधी नाकारले नाहीत, नाकारणारही नाही. जीव दिला खरा, पण उजवा हात, उजवा पाय आणि वाचा ठेवून घेतली. कुठला जीव ते मी सांगितलं नव्हतं. माझीच चूक!

८ एप्रिल, मंगळवार

गेले. आले. टाळू तापली. लिहवत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज ह्यांना उचलताना कंबरेत कळ आली, तशीच खाली बसले. हे वरून बघत होते. हात द्यायला आला डावा, पण पोचला नाही. मग दोघं तसेच. सुरज गिरणीतून जेवायला आला तेव्हा त्यानं उठवलं, आधी मला, मग त्यांना. "आई, बाई लावू का कामाला?" म्हणाला. कुठल्या बाईला हे हात लावू देतील!

माळ घातली त्या दिवशी तुळजापूरच्या योगीराज पुजाऱ्यांनी सांगितलं होतं, "आता तुमी अष्टौप्रहर आईच्या नजरेसमोर. खोटं बोलायचं न्हाय, कुनाला तोडून बोलायचं न्हाय." तेव्हा आनंदानं रडले होते. माझ्यासारख्या बाईकडं ती सारखी बघणार! चपात्या लाटतानासुद्धा तिच्याशी बोलायचे. हसायचेसुद्धा.

आता वाटतं, बाई, जरा तिकडं बघ की. थोडा वेळ. मी काय पळून जात नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

आज नको ते झालं. झालं काय, मीच केलं.

परडी घेऊन निघाले, हायवेपर्यंत गेले. एसटीच्या शेडमध्ये सावली होती, टेकले. उठवेचना. परडी मांडीवर, माळ गळ्यात, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसलेली. कुणाच्याच दारी गेले नाही. ऊन कलल्यावर घरी आले, डब्यातलं ज्वारीचं पीठ परडीत ओतलं आणि म्हटलं, "झाला बरं जोगवा!" तिच्यासमोर खोटं. ह्यांच्यासमोर खोटं.

आणि भाकरी काय झाली म्हणता! पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली, कड न् कड अखंड. मलाच बरं वाटलं बघून. पण ह्यांनी एक घास तोंडात घेतला आणि थांबले. जन्मभर गिरणी चालवलेला माणूस. चिमटीत पीठ धरून कुणाच्या घरचं दळण ते सांगायचे, आणि मी निघालेय त्यांना फसवायला! ताट सारलं. तोंड वेडंवाकडं करत, मोठ्या कष्टानं म्हणाले, "घरचं."

अडीच वर्षांत "न्हाय" आणि "नको" सोडून तिसरा शब्द नव्हता तोंडात. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, दीपालीनं पाटी धरली, काही नाही. आणि आज नवा शब्द आला तो हा!

माझा तोल गेला. "व्हय, घरचंच हाय! पाय तुटले माझे. कुनासाठी फिरती मी? तुमच्यासाठीच ना?"

बराच वेळ ओठ हलत राहिले. मग एकेक शब्द आला. "म्या... न्हाय... मागितलं."

दीपाली स्वयंपाकघरात होती. तिचं भांडं हातातून पडलं. ताट तसंच राहिलं. मीही जेवले नाही.

१२ एप्रिल, शनिवार

चैत्री पौर्णिमा. सकाळपासून तुळजापूरकडं गाड्या चालल्यात, टपावर झेंडे लावून. पोरं ओरडतायत, आई राजा उदो उदो! मी दार लावून घेतलं.

न्हाय मागितलं म्हणे. खरंच नाही मागितलं त्यांनी. ते बेशुद्ध होते! मागितलं मी, देणारी ती, आणि भोगायचं ह्यांनी. हे इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

लालबी डोकावली. काल मी आले नाही म्हणून बघायला आलेली. तिला सगळं सांगितलं, शेडसुद्धा. वाटलं, तोंडाला हात लावेल. नाही लावला. म्हणाली, "थकलाव भाभी. म्या बी कवा कवा नमाज झाली की नुस्तीच बसती. दुवा करायला हात उचलती, पन काय मागावं सुचत न्हाय."

"मग काय करता?"

"काय करायचं? बसायचं. अल्लाला दिसायलंय की, बाई थकली म्हनून."

तिच्यासमोर रडले. बरं वाटलं, पण कंबर दुखायची राहिली नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आज परडी खाली काढलीच नाही. देव्हाऱ्यात दिवा लावला आणि तिच्याकडं न बघता उठले. काही झालं नाही. दूध नासलं नाही, कुणी पडलं नाही. काहीतरी व्हायला पाहिजे होतं. निदान रागवायची तरी!

दुपारी योगीराज पुजाऱ्यांना फोन लावला. विचारलं, माळ-परडी परत करता येते का? वाटलं आता शिव्या बसणार. पण ते हळूच म्हणाले, "आनून द्या. आई काय पाठीमागं काठी घिऊन लागली न्हाय तुमच्या. दमलेलं लेकरू हाय म्हनंल. पर ज्यांच्यासाठी घेतली त्यांना सांगून या. चोरून नगा येऊ."

चोरून नाही. आता तेवढं तरी नीट करीन.

१६ एप्रिल, बुधवार

ह्यांची दाढी करताना सांगितलं. गालाला वस्तरा असला की तोंड फिरवता येत नाही, म्हणून तीच वेळ धरली!

म्हटलं, ऐका. तुम्ही मागितलं नाही, बरोबर आहे. आणि मीही तुमच्यासाठी नाही मागितलं. त्या जिन्यात मला एवढंच दिसत होतं की आपल्याला एकटीला गावी, जळकोटला परत जावं लागणार. गिरणी बंद, आणि ओसरीवर मी एकटी. भ्याले मी. माझ्यासाठी मागितलं. जीव तुमचा वाचला असं सगळे म्हणतात, पण सुटका माझी झाली. म्हणून जोगवा मीच मागायचा होता, तुमच्या नावानं ओरडायचं कारण नव्हतं. आता पाय चालत नाहीत, मनही चालत नाही. शुक्रवारी तुळजापूरला जाऊन परडी देऊन येते.

ह्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण तो डोळा सारखाच गळतो, त्यावरून काही कळत नाही. साबण पुसला. मान दुसरीकडं केली.

१७ एप्रिल, गुरुवार

परडी धुतली. वेताच्या कडांना तेल लावलं, हळदीकुंकू वाहिलं, नव्या खणात बांधून ठेवली. दीपाली बघत होती. "आत्या, खरंच देताव?" जिला लाज वाटत होती तीच घाबरलेली! सुरज उद्या सकाळी गाडीवर तुळजापूरला सोडतो म्हणाला, कामं आहेत तरी. मला वाटलं होतं हलकं वाटेल. घरात सगळे हळू बोलतायत, कुणी गेल्यासारखं.

हे आज जेवले नाहीत नीट. दीपालीला सारखे खुणा करत होते. तिला कळत नव्हतं, मग बहुतेक कळलं. मी विचारलं नाही. माझंच मला पुरे झालंय.

१८ एप्रिल, शुक्रवार

निघताना ह्यांच्या पाया पडले. मानेनं खूण केली, गाठ सोड. वाटलं, शेवटची बघायची असेल. खण सोडला, परडी पुढं धरली. डावी मूठ चादरीतून बाहेर आली. मुठीत पीठ! किती वेळ धरून ठेवलं होतं कुणास ठाऊक, घामानं गोळा झालेलं. परडीत टाकलं. अर्धं चादरीवर सांडलं.

"घे," म्हणाले. "माझं."

परडीत एकदा पीठ पडलं की पाच घरं पुरी केल्याशिवाय ती खाली ठेवायची नसते. बाहेर सुरज गाडी चालू करून हाका मारत होता. त्याला म्हटलं, बंद कर. अजून चार घरं राहिलीत.