पाच नंबरच्या जर्सीची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वय वर्षे एकाहत्तर, आज बुधवारी माझी शेवटची इच्छा लिहवून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दुमत असले तरी डॉक्टरांचे नाही, आणि त्यांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट वर्षभर मीच सगळ्यांवर आणतो आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण आमच्या फुटबॉल क्लबवर इतकी वाईट वेळ कधी आली नव्हती.

शुक्रवारी सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. रविवारी दुपारी क्लबचा हंगामातला शेवटचा सामना आहे. जिंकलो तर दुसऱ्या विभागात टिकतो. बरोबरीनेही भागणार नाही. तिसऱ्या विभागात गेलो की मैदानाचा करार संपतो, आणि मैदान गेले की क्लब गेला. झडपेचे जे व्हायचे ते होईल. माझा जीव रविवारात अडकला आहे.

माझा हात थरथरतो. सुईत दोरा ओवता येत नाही, तिथे पानभर लिहिणे कुठले. म्हणून मी सांगतो आहे आणि माझा मुलगा लिहून घेतो आहे. तो क्लबचा कॅप्टन आहे, पाच नंबरची जर्सी घालतो आणि बचावाच्या मधोमध खेळतो. मी बोलेन ते शब्दन् शब्द लिहायचे, कोण मध्ये काय बोलले तेही लिहायचे, काही गाळायचे नाही, अशी अट मी त्याला घातली आहे. वकीलबाई आणि शेजारचे सलूनवाले साक्षीदार म्हणून समोर बसले आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकीलबाईंनी सांगितल्यावर सलूनवाल्याचे तोंड एवढेसे झाले, कारण स्टँडमधली माझी जागा मी त्याला कबूल केली होती. आता त्याने सही करावी आणि उभ्याने सामना बघावा.

कलम एक. मी संघरचनेपासून सुरुवात करणार होतो, पण वकीलबाई म्हणाल्या, "काका, आधी घर." तर घर. खालचे दुकान मुलाला, वरच्या दोन खोल्या मुलीला. जिना दोघांचा, आणि त्यावरून भांडू नये. मुलीच्या खोल्यांना मी एक अट घातली होती, की तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या जावयाने, बचावात चारच माणसे खेळवावीत. जावई क्लबचा कोच आहे. वकीलबाईंनी ती अट खोडायला लावली, कोर्टात टिकणार नाही म्हणून. मुलगी आतून म्हणाली, "बाबा, खोल्या नकोत मला. त्यांना आपल्याकडे एकदा सुखाने जेवू द्या, तेवढं पुरे." जावई हल्ली आमच्याकडे ताटावर बसला की मी मीठदाणी, वाट्या आणि चमचे मांडून त्याला मधली फळी दाखवतो, हे खरे आहे. पण दाखवणार नाही तर काय करणार?

कलम दोन. बँकेतल्या ठेवीतून इस्पितळाचे भागवून जे उरेल ते दोघा भावंडांत सारखे वाटावे. पायाचे मशीन मुलाला. ओव्हरलॉकचे मशीन मुलीला, ती ते माझ्यापेक्षा सफाईने चालवते. कात्री माझ्याबरोबर जाऊ द्यावी, असे मी म्हटले, तर सलूनवाला म्हणाला, "अहो, वर कोणाचे कपडे बेतणार?" हे त्याने विनाकारण म्हटले आहे. कात्रीही मुलीला.

कलम तीन. क्लबचे माझे सभासदत्व आणि त्याबरोबरचे मत मुलीला. खेळ तिला घरात सर्वांत जास्त कळतो, फक्त तिला कोणी विचारत नाही. तिने अध्यक्षांच्या विरुद्ध मत द्यावे. अध्यक्ष काय म्हणतील ते मला अगोदरच माहीत आहे. दरवर्षी ते मोठ्या क्लबांनी सोडून दिलेले चार-पाच थकलेले खेळाडू हंगामापुरते आणतात, त्यांच्याबरोबर फोटो काढतात, आणि हंगाम संपला की ते खेळाडू निघून जातात. पुन्हा भोक तेच आणि नवे ठिगळ. याला ते संघबांधणी म्हणतात. संघ बांधायचा तर मागून पुढे बांधावा. आधी पळणारा बचाव, मग चेंडू सांभाळणारे मधले तिघे, आणि शेवटी आघाडी. आपल्याच गल्लीबोळातली वीस-बावीस वर्षांची पोरे घ्यावीत, त्यांना दोन हंगाम हरू द्यावे, पण एकत्र हरू द्यावे. तिसऱ्या हंगामात ती जिंकतात. हे मी अध्यक्षांना सभेत सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही जर्सी शिवा." त्या दिवसापासून मी त्यांचा एकही कपडा बेतलेला नाही, आणि माझ्यामागे माझ्या दुकानानेही बेतू नये.

कलम चार. जावयाला मी माझे खेळाबद्दलचे मत देऊन जातो. दुसरे काही त्याने मागितलेले नाही. हेही मागितलेले नाही. पाच-चार-एक खेळणे बंद करावे. पाचजण आपल्याच गोलसमोर दाटीवाटीने उभे, चारजण त्यांच्या पुढ्यात, आणि पार पुढे एकटा तो बिचारा स्ट्रायकर, ज्याला सगळे मैदान उपाशी म्हणून हाक मारते. त्याच्यात खोट नाही. त्याला वाढणारे कोणी नाही. त्यापेक्षा चार-तीन-तीन खेळावे. बचावातल्या चौघांनी मध्यरेषेच्या जवळ येऊन उभे राहावे, म्हणजे मधल्या तिघांना चेंडू हिसकावता येईल आणि उपाशीच्या दोन्ही बाजूंना सोबत येईल. गोलकीपरला सांगावे की गोलरेषा त्याच्या नावावर केलेली नाही, ती सोडून पुढे यायला हरकत नसते. रविवारी बरोबरी चालत नाही. मग दहा माणसे मागे ठेवून आपण कोणाची वाट बघणार आहोत?

जावई मूर्ख नाही. त्याला हे सगळे माझ्याआधी कळते. पण बचाव पुढे उभा केला की मागे मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत धावणारा माणूस मध्यभागी लागतो. आमच्या मध्यभागी माझा मुलगा आहे. त्याचे दोन्ही गुडघे गेले आहेत. तो वळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. ही पाच-चार-एकची रचना जावयाने काढलेली नाही. एका माणसाचे गुडघे झाकायला बाकीचे सगळे मागे आले आहेत, आणि त्याला आम्ही डावपेच म्हणतो.

इथे मुलाने पेन थांबवले. मी म्हटले, "लिही." त्याने लिहिले.

कलम पाच. जर्सी. आमच्या क्लबात जर्सीचा नंबर कोच देत नाही. ज्याच्या अंगावर तो नंबर आहे त्याने आपल्या हाताने ती जर्सी पुढच्याच्या हातात द्यायची, आणि तो देत नाही तोवर दुसऱ्याने ती घालायची नाही. क्लब निघाल्यापासून ही रीत आहे. चांगली रीत आहे, पण त्यामुळे कोच कोणाला बाकावर बसवू शकत नाही. त्यात हा कोच बायकोच्या थोरल्या भावाला जर्सी उतरव म्हणून कसा सांगणार? आणि संघात त्या जागेसाठी तयार माणूस आहे. वीज मंडळात खांबावर चढतो, म्हणून त्याला वायरमन म्हणतात. डावखुरा आहे, हरणाच्या पायाचा आहे, उंच चेंडूला घाबरत नाही. अख्खा हंगाम तो बाकावर बसून आहे.

आता माझा मुद्दा. क्लबच्या सगळ्या जर्सी मी शिवल्या आणि शिलाई घेतली. पाच नंबरची शिलाई मी कधीही घेतलेली नाही, कापडही माझ्या पदरचे, कारण ती माझ्या मुलाच्या अंगावर जायची होती. जी वस्तू मी विकलेली नाही ती माझीच. म्हणून पाच नंबरची जर्सी ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता असून, ती मी वायरमनला देत आहे. रविवारी त्याने ती घालून चौघांच्या मध्यभागी खेळावे.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, मुद्दा अगदीच वाईट नाही. पण मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

"शुक्रवारी गेलो तर रविवारी लागू होईल ना?"

"आणि नाही गेलात तर?"

हे माझ्या डोक्यात आले नव्हते. झडप नीट बसली तर हा कागद रविवारी बिनकामाचा. मी खाटेवर जिवंत, जर्सी मुलाच्या अंगावर, पाचजण मागे, उपाशी पुढे, आणि संध्याकाळी कोणीतरी येऊन मला सांगणार की क्लब गेला. नाही बसली तर क्लब वाचण्याची थोडी तरी आशा. मी डॉक्टरांना काय सांगू? जपून करा की जपू नका? मला मरायचे नाही. खरेच मरायचे नाही. पण मैदानाला कुलूप लागलेले बघायला जगायचेही नाही. माझी ही गेल्यावर मी त्या स्टँडमध्ये बसून रडलो आहे, घरात रडलो नाही. ते मैदान गेले तर मी कुठे जाऊन बसू?

मी वकीलबाईंना विचारले, "मेल्याशिवाय लागू होईल असं तुमच्या कायद्यात काहीच नाही?"

त्या म्हणाल्या, "आहे की. तो समोर बसलाय. तोंडाने सांगा."

मुलाने मान वर केली नाही. मी म्हटले, "बाळा, रविवारी तू खेळू नकोस."

तो लिहीत राहिला. लिहिता लिहिता म्हणाला, "बाबा, हा शेवटचा सामना. एवढा खेळतो आणि मग देतो."

"मग द्यायला क्लब नसेल रे."

"मी काय करू बाहेर बसून?"

"माझ्यासारखा ओरड."

"मला नाही जमत ओरडायला. मला तेवढंच येतं, मध्ये उभं राहायला." असे म्हणून त्याने पेन ठेवले आणि तो जिना उतरून गेला. इथून पुढचे अक्षर वकीलबाईंचे आहे.

कलम सहा. मुलाबद्दल. तो समोर नाही तोवर हे लिहून घ्या. त्याच्याइतका धीराचा बचाव या मैदानाने पाहिलेला नाही. समोरच्याचा पाय कधी मोडला नाही, पंचाशी कधी हुज्जत घातली नाही. हरल्यावर सगळ्यांच्या आधी उठून हात मिळवायला तो जातो. गुडघ्यात सुया टोचून घेऊन तो गेले दोन हंगाम खेळला, कारण त्याला वाटते की तो मध्ये नसला तर बाप स्टँडमध्ये कोणाला बघेल. माझ्या पोरा, मी तुलाच बघेन. तू बाकावर बस, पाणी दे, काही कर, मी तुझ्याकडेच बघेन. पण ते चौघे पुढे उभे राहू देत. मी तुझे पाय धरतो. वकीलबाई, हे असेच लिहा, बापाने पाय धरले असे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. माझ्या अंत्यविधीला अध्यक्षांनी भाषण करू नये. आणखी सांगण्यासारखे माझ्यापाशी काही उरलेले नाही.

लेखनिकाची नोंद. वरील मजकूर कलम पाचपर्यंत मी, मृत्युपत्र करणाऱ्याचा मुलगा, त्यांच्या तोंडून ऐकून लिहिला आहे. कलम सहा मी परत आल्यावर वाचले. कलम पाचमधला जर्सीबद्दलचा भाग मी खोडला आहे, आणि त्याला साक्षीदारांची हरकत नाही. कारण ती वस्तू आता वाटणीत येत नाही. वायरमन कोपऱ्यावरच्या खांबावर काम करत होता. मी त्याला खाली बोलावलं आणि जर्सी त्याच्या हातात दिली. तो घेईना. "दादा, रविवारनंतर द्या," म्हणाला. मी म्हणालो, रविवारसाठीच देतोय. मग घेतली. जावईबापूंना मी फोन केला. ते म्हणाले, "चार-तीन-तीन." मी म्हणालो, हो.

वर आल्यावर मी बाबांना सांगितलं, "बाबा, दिली. आता शुक्रवारी तुम्हाला मरायची काही गरज नाही."

बाबा पुष्कळ रडले. मीही. मग त्यांनी डोळे पुसून विचारलं, "अंगात बसली का त्याच्या?"

"खांद्यात सैल होते."

"उद्या आण इकडे. मी सांगतो, तू शीव."

त्यानंतर त्यांनी आपल्या हाताने सही केली. सही थरथरलेली आहे, पण त्यांचीच आहे.

मृत्युपत्र करणार: (सही) शिंपी
साक्षीदार एक: (सही) वकीलबाई
साक्षीदार दोन: (सही) सलूनवाले, स्टँडमधल्या जागेवरचा हक्क सोडून
लेखनिक: (सही) मुलगा
ठिकाण: राहते घर, दुकानावरची खोली
दिनांक: शेवटच्या सामन्याच्या आधीचा बुधवार