जाऊबाईचं आधी हललं

१२ मार्च, जेवणानंतर
आजचा दिवस विसरायचा नाही. जेवताना जाऊबाईनं घास हातातच धरला, डोळे मोठे केले आणि म्हणाली की पोटात काहीतरी हललं. झालं! सासूबाई खरकट्या हातानं उठल्या. भाऊजींनी खुर्ची पाडली. आमचे हे तर भरल्या तोंडानं 'वा वहिनी, वा' म्हणाले. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मीही पाचव्या महिन्यात आहे. माझी तारीख तिच्या आधीची आहे. रांग म्हणून काही असते की नाही?
(तोंडावर तिला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणते. इथे म्हणणार नाही. डायरी माझी आहे.)
सूड घ्यायचा. शांतपणे, सभ्यपणे, पण जन्मभर लक्षात राहील असा.

१३ मार्च
गार ज्यूसनं बाळ हलतं म्हणतात, म्हणून प्यायले. डाव्या कुशीवर पडले. पोटात गुडगुडलं. गॅस असू शकतो. पण गॅसच होता, हे सिद्ध कोण करणार?

१४ मार्च, सकाळ
जाहीर केलं! सासूबाईंनी विचारलं, कसं वाटलं. म्हटलं, सणसणीत लाथ. त्या म्हणाल्या की पहिल्यांदा लाथ नसते, बुडबुडा फुटल्यासारखं वाटतं. म्हटलं, माझं पोर दणकट आहे. ह्यांनी लगेच हात ठेवला. मी श्वास रोखून पोट असं काही उडवलं की ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जाऊबाई म्हणाली, किती छान गं. आतून काय जळली असेल! चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. पक्की आहे.

१९ मार्च
एक अडचण. ह्यांना आता रोज लाथ हवी असते. कामावरून आले की बूटही न काढता थेट पोटाशी. ऑफिसात सांगून झालंय, पेट्रोल पंपावरही. आज तीनदा पोट उडवलं. बरगडीखाली उसण भरली. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आज एकाच्या नाकावर फ्रेम ठेवायला वाकले ती वाकलेलीच राहिले. शेवटी गिऱ्हाइकानं उठून मला खुर्ची दिली.
ही उसणसुद्धा जाऊबाईमुळेच. लक्षात ठेवलंय.

२४ मार्च
चेकअप. सोबत सासूबाई. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हालचाल जाणवते का. सासूबाई समोरच बसलेल्या. म्हटलं, भरपूर. डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या की नवल आहे, बाळाची वार पुढच्या बाजूला आहे, बाळ आणि पोटाच्या मध्ये उशी ठेवल्यासारखी. अशा बायकांना उशिराच कळतं. मी छताकडे बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. बाळ छान आहे, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
जाऊबाई ह्याच डॉक्टरीणबाईंकडे जाते. समजायचं ते समजले.

२५ मार्च
काही नाही.

२७ मार्च
आजही काही नाही. जाऊबाई तिची मऊ उशी देऊन गेली, पाठीला बरी पडते म्हणाली. मी मागितली होती?
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ छान आहे. मग मला का कळवत नाही? सगळ्या घराला लाथा मारून झाल्या, आईला तेवढी नाही. भीती वगैरे वाटत नाहीये. राग आहे.

३० मार्च, रविवार
शेवटचा डाव आजच टाकायचा ठरवलं होतं. ह्यांच्या आत्या आल्या होत्या. पाच बाळंतपणं झालेली बाई, त्यांचा शब्द घरात कुणी मोडत नाही. मी सोफ्यावर मुद्दाम जाऊबाईला खेटून बसले आणि म्हटलं, आत्या, दोघींच्या पोटाला हात लावा, तुम्हीच सांगा कुणाचं जोरदार. सकाळपासून सराव केला होता. पहिला झटका झकास. दुसरा त्याहून बरा. तिसऱ्याला पोटरीत असा गोळा आला की मी किंचाळले आणि चहाच्या कपांचा ट्रे लाथेनं उडाला. घरातली एकमेव खरी लाथ.
आत्यांनी हात काढून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की हे पोर नव्हे, ही बया पोट उडवतेय.
ह्यांचं तोंड बघवत नव्हतं. एवढ्यात जाऊबाई माझ्याकडे वळली, माझ्या पोटावर हात ठेवून बसली आणि म्हणाली, नाही आत्या, आत्ता लागलं, मला अगदी स्पष्ट लागलं. सासूबाई फडकं आणायला गेल्या. हे पुन्हा हसायला लागले.
मी तर तेव्हा काहीच करत नव्हते! म्हणजे भर बैठकीत धडधडीत खोटं बोलली. किती कावेबाज बाई! आता जन्मभर तिची मिंधी राहायचं. एवढा खोल घाव आजवर कुणी घातला नव्हता. हिला सोडणार नाही.

२ एप्रिल
हललं.
दुकानात होते. एका निवृत्त मास्तरांचे डोळे तपासत होते. भिंग बदललं, विचारलं, हे बरं की आधीचं, आणि आत हललं. लाथ नाही. बुडबुडाही नाही. मिटलेल्या मुठीत पाखरानं जागा बदलावी तसं. मी भिंग हातात धरून उभी. मास्तर म्हणाले, बाई, काहीच दिसत नाहीये. म्हटलं, थांबा. पुन्हा हललं. मास्तर थांबले. सज्जन माणूस. नंबर बहुतेक चुकीचा दिलाय, उद्या परत बोलावलंय.

२ एप्रिल, संध्याकाळ
ह्यांना सांगितलं की आज बाळ हललं. हे म्हणाले, अगं रोजच हलतं की, आणि मॅच बघायला लागले. सासूबाईंना सांगितलं. त्या बरं म्हणाल्या आणि नळ गळतोय, प्लंबरला फोन केलास का, असं विचारलं.
बाथरूममध्ये जाऊन रडले. रागानं.

३ एप्रिल
आता एकच उरली. तिच्या खोलीत गेले. ठरवून गेले की तोंडावर सांगायचं, तुमचं आधी असेल, पण माझ्यासारखं नसेल. सांगितलं. ती ताडकन उठून बसली. कसं वाटलं, नेमकं कसं, विचारलं. सांगितलं. पुन्हा सांग म्हणाली. पुन्हा सांगितलं.
मग म्हणाली की तिला असं अजून काहीच झालेलं नाही. त्या दिवशी जेवतानाही नव्हतं. सहा वर्षांनी राहिलंय. रोज सकाळी सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे, हललं का, हललं का, शेवटी घास घेता घेता तोंडातून निघून गेलं. हे सांगताना ती हसत होती. मग हसता हसता हुंदके द्यायला लागली.
म्हणजे पहिली मीच! आणि हे जगात एकीलाच माहीत आहे, तीही हीच. बाहेर बोलावं तर तिच्याबरोबर माझंही पितळ उघडं पडतं.
तिला पाणी दिलं. वार पुढे असली तर उशिरा कळतं, तुमचीही पुढेच असेल, विचारून घ्या, असं सगळं सांगितलं. खरं तर सांगणार नव्हते.

६ एप्रिल, रविवार दुपार
तिच्या खोलीत आडवी झालेय. पाळत ठेवायला. तिच्याकडून कबूल करून घेतलंय की खरंच हललं की आधी मला सांगायचं, भाऊजींच्याही आधी. अशी अद्दल घडवली पाहिजे. ती बरं म्हणाली, माझं जाणवतंय का बघते म्हणून माझ्या पोटावर हात ठेवला आणि दोन मिनिटांत घोरायला लागली.
हात जड आहे. काढणार होते, तेवढ्यात आत हललं. बरोब्बर तिच्या तळव्याखाली. ती तोंड उघडं टाकून झोपलेली.
उठवलं नाही. हुकू दे. कळू दे कसं वाटतं ते.