शेवंतीचं बाळंतपण

प्रिय आई,

तुझा व्हिसा आल्याचं शिरीषदादाने कळवलं. तिकीट काढण्याआधी हे वाच, आणि मधेच रडत त्याला फोन लावू नकोस. तू इथे यावंस की नाही, तेवढंच मला लिहायचं आहे.

मागच्या वर्षी तू इथे आली होतीस, तेव्हा क्लेटनच्या या घरात शेवंतीला चार पिल्लं झाली. तू तिला शेवटपर्यंत मुंगूसच म्हणालीस. ती फेरेट होती, तीन वर्षं माझ्या उशाशी झोपलेली. पिल्लं तीन आठवड्यांची असताना मला कामासाठी तीन दिवस बेंडिगोला जावं लागलं. जाताना फ्रिजवर ठळक अक्षरांत चिकटवून गेले: रोज तिची आचळं बोटांनी तपासायची, एखादं कडक, गरम लागलं तर त्याच दिवशी व्हेटकडे. तुझा जावई यतिन गाडी घेऊन घरीच होता.

तसं एक कडक आचळ तुला पहिल्याच सकाळी हाताला लागलं. यतिनने विचारलं तर त्याला म्हणालीस, मस्त आहे. क्लिनिकमधल्या मुलीने चौकशीचा फोन केला, तिला शेजारणीकडून उचललेलं ‘नो वरीज’ ऐकवलंस. का, तर ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक दिलास, डिंकाचा लाडू कुस्करून पुढे ठेवलास, दारंखिडक्या लावून घेतल्यास. मी परतले तेव्हा आचळ काळं पडलं होतं आणि ती पिल्लांना पायाने लोटत होती. व्हेटच्या टेबलावरच ती गेली. पहिल्या दिवशी औषध मिळतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाली. दोन पिल्लं ड्रॉपरने दूध पाजून जगवली, दोन गेली. आणि तू म्हणालीस, जनावरच ते, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. त्याची माफी तू अजून मागितलेली नाहीस.

दादा म्हणतो, डिंक, अळीव सगळं बांधून तयार आहे. मला आठवा लागलाय. लेकीचं बाळंतपण आईने करायचं हे मलाही कळतं, आणि तू जीव ओतून करशील हेही. मला ताप भरेल, छाती ठणकेल, तू शेक देत म्हणशील, काही होत नाही, पडून राहा. आणि मी पडून राहीन. जन्मभर तुझंच ऐकत आलेय, तेव्हाही ऐकेन. मला त्याचीच भीती वाटते. तिकीट काढू नकोस.

तुझीच,
नुपूर